अलंगला जहाज तोडायला द्यायचं आहे: नियोजन कुठून सुरू करावं?

सुकाणू (प्रश्न)

1999 साली जपानात बांधलेलं हँडीमॅक्स बल्क कॅरिअर, म्हणजे मध्यम आकाराचं सुटा माल नेणारं जहाज आहे. डेडवेट (माल-इंधनासह वाहण्याची क्षमता) 46,000 टन, एलडीटी (रिकाम्या जहाजाचं वजन) 7,900 टन, पाच होल्ड (मालाची कोठारं), चार डेक क्रेन, भारतीय झेंडा. स्पेशल सर्व्हे तोंडावर आला आहे. बॅलास्ट टँकमधलं पोलाद बदलायचा अंदाज आल्यावर मालकांनी जहाज भंगारात काढायचं ठरवलं. गुजरातच्या किनाऱ्यावरचं अलंग सोडून दुसरीकडे न्यायचा विचार नाही.

घातक पदार्थांची यादी, म्हणजे आयएचएम, अजून केलेली नाही. जहाजं तोडण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारात जुन्या जहाजांना 26 जून 2030 पर्यंत मुदत आहे, त्यामुळे आतापर्यंत कोणी घाई केली नाही. आता एक कॅश बायर (रोखीने जहाज घेऊन पुढे यार्डला विकणारा) मुंबईच्या नांगरवाड्यातच जहाज ‘आहे तसं, आहे तिथे’ घ्यायला तयार आहे. वरिष्ठांचं मत असं की विकून मोकळं व्हावं, कागद बायर बघेल.

मला विचारायचं आहे ते असं. कामांचा क्रम काय, एकूण किती दिवस धरावेत आणि यार्डच्या बाजूने नेमकं काय तपासावं? कटिंगच्या वेळी काय बिघडतं हेही सांगा, कारण प्लॅनवर आमची सही असणार आणि न समजता ती करायची नाही.

उधाण

भरतीच्या तारखेपासून मागे मोजत या. अलंगला जहाज चढतं ते उधाणाच्या भरतीला. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस, म्हणजे महिन्यातून दोनच संधी. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक उधाणाला दहा मीटरच्या आसपास जातो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला) तो बराच कमी होतो. भांगात जहाज आणलंत तर ते दूरच्या चिखलात रुतेल आणि पुढच्या उधाणापर्यंत ना धड पाण्यात ना धड जमिनीवर. अशा जागी क्रेन पोचत नाही आणि तेल सांडलं तर अडवायला जमीन नसते.

आता मागे चला. जहाज चढण्याआधी हातात हवं ते ‘इंटरनॅशनल रेडी फॉर रिसायकलिंग सर्टिफिकेट’. त्याची मुदत जास्तीत जास्त 3 महिने. ते मिळतं फायनल सर्व्हेनंतर. त्या सर्व्हेत सर्व्हेयर तीन गोष्टी पाहतो: आयएचएम जहाजाशी जुळते का, यार्डने केलेला शिप रिसायकलिंग प्लॅन त्या आयएचएमवर बेतलेला आहे का, आणि यार्डकडे चालू मुदतीचं अधिकारपत्र, म्हणजे डीएएसआर, आहे का. म्हणजे प्लॅन सर्व्हेच्या आधी मंजूर हवा. प्लॅनसाठी आयएचएमचे तिन्ही भाग (जहाजाच्या बांधणीतले पदार्थ, जहाजावरचा कचरा, स्टोअर्स) हवेत. पहिल्या भागासाठी नमुन्यांचे प्रयोगशाळेचे निकाल हवेत. निकालांसाठी माणसं जहाजावर चढलेली हवीत.

ढोबळ हिशेब: कागद जमवणं आणि तपासणीचा आराखडा 2 ते 3 आठवडे, जहाजावर नमुने घेणं 2 ते 3 दिवस, प्रयोगशाळा 2 आठवडे, अहवाल आणि क्लासची (जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) मंजुरी 2 ते 3 आठवडे, यार्डचा प्लॅन आणि त्याची मंजुरी 4 ते 5 आठवडे, मग फायनल सर्व्हे. चार महिने धरा. तीन महिन्यांत बसवलेलं वेळापत्रक मी कागदावर पुष्कळ पाहिलं आहे, कागदाबाहेर फारसं नाही.

2030 च्या मुदतीबद्दल: ती चालत राहणाऱ्या जहाजांसाठी आहे. तोडायला निघालेल्या जहाजाला यादी त्याआधीच लागते. ‘2030 किंवा रिसायकलिंग, जे आधी असेल ते’ असं कलमच आहे.

एलडीटीवाला

विक्रीबद्दल बोलतो, कारण निम्मं नियोजन तिथेच घडतं किंवा बिघडतं.

‘आहे तसं, आहे तिथे’ विकलंत की पुढचा प्रवास बायरचा. बहुतेक वेळा तो नाव बदलतो आणि झेंडाही, म्हणजे नोंदणीचा देश. पलाऊ, कोमोरोस, सेंट किट्स असे झेंडे शेवटच्या एका फेरीसाठी लावले जातात. झेंडा बदलला की जुन्या प्रशासनाने दिलेलं आयएचएम प्रमाणपत्र रद्द होतं, तेव्हा तुम्ही केलेलं काम नव्या झेंड्याकडून पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं. बायर दरम्यान जहाज दुसऱ्या यार्डला, दुसऱ्या देशालाही विकू शकतो. ‘अलंग सोडून दुसरीकडे नाही’ हा तुमचा निर्धार करारात लिहिलेला नसेल तर त्याची किंमत शून्य.

बिमको या जहाजमालकांच्या संघटनेचा रीसायकलकॉन हा विक्रीकराराचा नमुना घ्या आणि त्यात हे घाला: यार्डचं नाव आणि प्लॉट क्रमांक, दुसऱ्या यार्डला देण्यास मनाई, मंजूर प्लॅनची प्रत मिळाल्याशिवाय जहाज सुपूर्द न करणं, कटिंगच्या काळात मालकाचा प्रतिनिधी यार्डात येऊ देणं, आणि शेवटी ‘स्टेटमेंट ऑफ कम्प्लीशन’. हे निवेदन यार्डने काम संपल्यापासून 14 दिवसांत द्यायचं असतं. ते हाती येईपर्यंत रकमेचा छोटा भाग रोखून ठेवता आला तर उत्तम. बायर कुरकुर करेल, पण मागणी करून बघा.

दराचा हिशेब: सौदा एलडीटीमागे डॉलरमध्ये होतो. चांगल्या यार्डने टनामागे 10 डॉलर कमी दिले तर तुमच्या जहाजावर फरक 79,000 डॉलर. वरिष्ठांसमोर हाच आकडा ठेवा, ‘ग्रीन महाग पडतं’ एवढं मोघम बोलून सभेत काही हाती लागत नाही. एलडीटी ट्रिम अँड स्टॅबिलिटी पुस्तकातूनच घ्या आणि कायमस्वरूपी बॅलास्ट, काँक्रीट वगैरे असेल तर आधीच सांगा. नाहीतर यार्ड ड्राफ्ट सर्व्हे करून (जहाज पाण्यात किती बुडतं यावरून वजन काढून) घासाघीस करतं, तीही जहाज नांगरावर थांबलेलं असताना, म्हणजे तुमची बाजू पडती असताना.

2025 च्या अर्थसंकल्पात भारतीय यार्डात जहाज तोडणाऱ्यांसाठी क्रेडिट नोट जाहीर झाली, ती भारतात नवीन जहाज बांधताना वळती करता येते. तुमच्या मालकांना नवं जहाज घ्यायचं असेल तर त्या अटी कराराआधी वाचा. ‘आहे तसं’ विकल्यावर नोट कोणाच्या नावे निघणार हा प्रश्न तिथे पहिला येतो.

बिल्जपंप

आयएचएम करणाऱ्या कंपन्यांचे दर पाहून गोंधळू नका. स्वस्त दरवाल्याला एकच विचारा: नमुने किती घेणार? या वयाच्या आणि आकाराच्या जहाजावर काही डझन नमुने लागतात. ‘दहा-बारा पुरतील’ म्हणणारा बाकी सगळं ‘पोटेन्शियली कंटेनिंग’ या शिक्क्याखाली टाकणार. म्हणजे ‘असू शकतं’. नियमात ते बसतं, पण यार्डला त्या प्रत्येक वस्तूला घातक समजूनच हात लावावा लागतो. मग एकतर ते खर्च वाढवतात किंवा शिक्क्याकडे काणाडोळा करतात. दुसरं जास्त घडतं.

1999 चं जहाज म्हणजे अॅस्बेस्टॉस कायदेशीर असतानाचं. सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने नव्या बसवणीवर 1 जुलै 2002 पासून थोडे अपवाद ठेवून आणि 1 जानेवारी 2011 पासून पूर्ण बंदी घातली. तेव्हा शोधायच्या जागा: एक्झॉस्ट आणि स्टीम लाइनचं लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण), फ्लँजमधले गास्केट, व्हॉल्व्हचं ग्लँड पॅकिंग, विंडलास आणि मूरिंग विंचचे ब्रेक लायनर, डेक क्रेनचे ब्रेक, बॉयलरच्या दाराची दोरी, फायर डोअरचा गाभा, केबिनच्या पार्टिशनचे पत्रे, गॅलीच्या फरशीखालचा थर, जुन्या स्विचबोर्डातले आर्क शूट. नमुन्यात अॅस्बेस्टॉस 0.1 टक्क्याहून जास्त सापडलं की ती वस्तू अॅस्बेस्टॉसची धरायची. ‘अॅस्बेस्टॉस-फ्री’ प्रमाणपत्रासह नंतर घेतलेल्या सुट्या भागांवरही डोळे झाकून विश्वास नको, गास्केटचा एखादा ताव नक्की तपासा.

तळाचा रंग वेगळा सांगतो, कारण इथे चूक हमखास होते. जहाज 1999 चं, तेव्हा पहिला अँटीफाउलिंग थर (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा रंग) टीबीटी या विषारी कथिल संयुगाचा असण्याची शक्यता मोठी. 17 सप्टेंबर 2008 ला अशा रंगांवरचा आंतरराष्ट्रीय एएफएस करार लागू झाला तेव्हा दोन वाटा होत्या: थर पूर्ण काढा किंवा वरून सीलर कोट मारा. सीलरची वाट घेतली असेल तर टीबीटी अजून खाली जिवंत आहे आणि गॅसकटरची ज्योत तिथे पोचणारच. एएफएस प्रमाणपत्राच्या जोडपत्रात कोणती वाट घेतली ते लिहिलेलं असतं. आधी ते उघडा.

बाकी पटकन: एसी आणि प्रोव्हिजन फ्रिजमध्ये बहुधा आर-22 हा शीतक वायू, ट्यूबलाइटच्या चोकमधल्या कपॅसिटरात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, जुने केबलही संशयित, थर्मामीटर आणि लेव्हल स्विचमध्ये पारा, काही स्मोक डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-241, प्रायमरमध्ये शिसं. प्रयोगशाळा आयएसओ 17025 मान्यतेची हवी, भारतात एनएबीएल या मान्यता देणाऱ्या मंडळाची यादी पाहा.

दुसरा भाग, म्हणजे स्लज (तेलाचा गाळ), बिल्जचं (जहाजाच्या तळाशी साचलेलं) पाणी, सांडपाणी, आणि तिसरा, म्हणजे स्टोअर्स, हे शेवटी भरायचे. सहा महिने आधी भरले तर आकडे खोटे ठरणारच.

गॅसकटर

कटिंगमध्ये काय बिघडतं ते विचारलंत, तर लांबण लावतो.

पहिलं आणि सर्वांत जीवघेणं म्हणजे सकाळी गॅस-फ्री, दुपारी स्फोट. टँकमधली हवा सकाळी मोजली, मीटर शून्य. तळाला दोन बोटं स्लज शिल्लक. ऊन चढलं, वरून ज्योत लागली, पत्रा तापला आणि स्लजमधून वाफ सुटली. हवा स्वच्छ होती, टँक स्वच्छ नव्हता. 100 चौरस मीटर तळाच्या टँकमध्ये 5 सेंटिमीटर गाळ म्हणजे 5 घनमीटर माल. त्याला ‘थोडं राहिलंय’ म्हणत नाहीत. म्हणून ‘आत जाण्यास सुरक्षित’ आणि ‘हॉट वर्कला सुरक्षित’ ही दोन वेगळी प्रमाणपत्रं आहेत. बंदिस्त जागेत शिरण्यासाठी आयएमओचे (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे) आकडे असे: ऑक्सिजन 21 टक्के, ज्वालाग्राही वायू खालच्या ज्वलनमर्यादेच्या 1 टक्क्याहून जास्त नको, विषारी वायू त्याच्या मान्य मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नको. हॉट वर्कसाठी त्यावर आणखी तीन गोष्टी: गाळ काढलेला, शेजारचे टँकही तपासलेले, आणि त्या पत्र्यामागून जाणारे पाइप रिकामे. फ्युएल टँकमधल्या हीटिंग कॉइल आणि सक्शन लाइन सगळ्यात जास्त विसरल्या जातात.

पाकिस्तानात गडानीला 1 नोव्हेंबर 2016 रोजी तेलवाहू जहाजात स्फोट होऊन 26 हून अधिक कामगार मेले. तुमचं बल्क कॅरिअर आहे, कार्गो टँक नाहीत, म्हणून निर्धास्त होऊ नका. फ्युएल, सेटलिंग, सर्व्हिस, ल्यूब, स्लज, बिल्ज होल्डिंग, ओव्हरफ्लो टँक आहेतच, आणि अनेक हँडीमॅक्सवर डबल बॉटममध्ये होल्डखाली फ्युएल असतं. जनरल अरेंजमेंट नकाशावर प्रत्येक तेलाचा टँक रंगवून प्लॅनला जोडायला सांगा.

दुसरं, हवा संपलेल्या जागा. बंद पडलेला बॅलास्ट टँक, कॉफरडॅम (दोन टँकमधली पोकळी), चेन लॉकर, डक्ट कील (तळातला पाइपांचा बोगदा). गंजायला ऑक्सिजन लागतो, तो गंज आतली हवा खातो. मग माणूस शिडीवरून खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. मॅनहोल उघडून पंख्याने हवा मारल्याशिवाय आणि वर पहारेकरी असल्याशिवाय कोणीही उतरू नये. बचावाचा दोर, ट्रायपॉड, श्वसनसंच तिथेच हवा, ऑफिसच्या कपाटात नाही.

तिसरं, हत्यारांची होज. ऑक्सिजनची नळी रात्री टँकमध्ये राहिली आणि व्हॉल्व्ह गळका असला तर सकाळी त्या जागेत ऑक्सिजन 22 टक्क्यांच्या वर गेलेला असतो. अशा हवेत ग्रीस लागलेला कपडा ठिणगीने पेट घेतो. एलपीजी हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. सुट्टी झाली की नळ्या बाहेर आणि सिलिंडर बंद. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारे) आहेत का हे मोजून पाहा.

चौथं, इंजिनरूमची आग विझवणाऱ्या सीओ-2 बाटल्यांची खोली. कोणतीही वायर ओढण्याआधी पायलट बाटल्या (बाकीच्या बाटल्या उघडणाऱ्या) सुट्या करून कुलूप लावायचं. कटिंगच्या धक्क्याने यंत्रणा सुटली तर खाली असलेल्यांना पळायलाही वेळ मिळत नाही.

रंग: ज्या रेषेवर कापायचं त्याच्या दोन्ही बाजूंनी रंग आधी खरवडून काढायचा. अमेरिकेत ओशाचा (कामगार सुरक्षा प्रशासनाचा) नियम किमान 4 इंचांचा आहे, तोच धरा. न खरवडता कापलं की शिशाचा धूर कटरच्या नाकात जातो, आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही.

आता ब्लॉक. चांगलं यार्ड ब्लॉक कापून क्रेनने उचलतं आणि काँक्रीटच्या अभेद्य फरशीवर नेऊन लहान करतं. वाईट यार्ड तो खाली ओहोटीच्या चिखलात पडू देतं. तुम्ही प्लॅनमध्ये हे पाहा: प्रत्येक ब्लॉकचं वजन लिहिलेलं आहे का? 16 मिलिमीटरचा पत्रा, 6 बाय 8 मीटर, नुसता पत्राच 6 टनांवर जातो. त्यावर फ्रेम आणि ब्रॅकेट धरले की 8 टन. त्यात बॅलास्टमधला गाळ राहिला असेल तर तो वेगळा. 50 टनाची क्रेन हात 20 मीटर लांब काढल्यावर 50 टन उचलत नाही, तिथे लोड चार्ट बघायचा. क्रेनवर किती टन लिहिलंय याला महत्त्व नाही, त्या अंतरावर किती उचलते याला आहे.

आणि क्रम: नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून मागे, वरून खाली, पायऱ्या पाडत. खालून पोखरायचं नाही. एक वॉटरटाइट बल्कहेड नेहमी शाबूत ठेवून त्याच्या पुढचंच कापायचं, कारण इंजिन मागे असल्यामुळे मागचा भाग जड असतो आणि दर उधाणाला तो पाण्यात हलतो. नाळ हलकी होत गेली की भरतीला उरलेलं जहाज विंचने पुढे ओढतात. डबल बॉटम शेवटी, तोही वर फरशीवर ओढून घेतल्यावर.

कचराकुंडली

वरच्या सगळ्याला दुजोरा, पण यार्डच्या प्लॅनमध्ये एक गोष्ट सर्रास गायब असते: माल यार्डाबाहेर कुठे जातो.

अॅस्बेस्टॉस काढायचा तो बंदिस्त तंबूत, आत उणा दाब ठेवून, पाण्याने भिजवून, दुहेरी पिशव्यांत भरून, वर लेबल लावून. तिथून तो अलंगच्याच घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्रात, टीएसडीएफमध्ये, जातो. प्रत्येक गाडीसोबत घातक कचरा नियम 2016 मधला फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट हवा. आयएचएममध्ये 2 टन लिहिलंय आणि मॅनिफेस्टमध्ये 300 किलो, तर 1,700 किलो कुठे गेलं हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. करारात तो लिहून घ्या.

हा प्रश्न कागदी नाही. अलंग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘खाडा’ म्हणतात ती दुकानं आहेत. जहाजावरचे पलंग, दारं, किचनची भांडी, पार्टिशन, सगळं तिथे विकायला येतं. केबिनचं अॅस्बेस्टॉस असलेलं पार्टिशन तिथे गेलं तर उद्या कोणाच्या तरी घरात ते करवतीने कापलं जाणार. म्हणून पार्टिशनचे नमुने घेणं टाळू नका.

फरशीचंही बघा. काँक्रीट ओतलंय एवढ्यावर समाधान नको. उताराची दिशा, कडेची गटारं, ऑइल सेपरेटर आणि पावसाचं पाणी कुठे जातं ते पाहा. जून ते सप्टेंबर तेलकट फरशीवर पाऊस पडतो आणि सेपरेटर लहान असेल तर तवंग थेट समुद्रात. पावसाळ्यात फक्त छताखाली दुय्यम कटिंग करणारी यार्डं आहेत, अशांना पहिली पसंती.

सुकाणू

फार उपयोगी. दोन शंका. यार्ड म्हणतं ‘आमच्याकडे क्लासचं स्टेटमेंट ऑफ कम्प्लायन्स आहे’. ते पुरे का? आणि जहाज इथून निघताना किती साफ करून पाठवायचं? आमचे लोक म्हणतात, तेल राहू द्या, यार्ड विकून टाकतं.

उधाण

स्टेटमेंट ऑफ कम्प्लायन्स हा करार लागू होण्याआधीचा स्वेच्छेचा प्रकार. अलंगला तो 2015 च्या अखेरीस पहिल्यांदा मिळाला आणि मग शंभराहून अधिक यार्डांनी घेतला. त्याने यार्ड सुधारले हे खरं. पण 26 जून 2025 नंतर तुम्हाला लागतं ते सक्षम प्राधिकरणाचं डीएएसआर, ज्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. त्यात शेवटच्या पानांवर मर्यादा लिहिलेल्या असतात: कोणत्या प्रकारची जहाजं, किती आकारापर्यंत, कोणते घातक पदार्थ हाताळता येतात. तुमच्या जहाजाची लांबी, रुंदी आणि एलडीटी त्यात बसतं का हे ताडून बघा. राष्ट्रीय प्राधिकरण डीजी शिपिंग आहे आणि त्याचं कार्यालय गांधीनगरला. शंका असली तर तिथे लिहून विचारा, यार्डच्या माणसाच्या फोनवर विसंबू नका.

तेलाचं: हाँगकाँग करारातच मालकावर जबाबदारी आहे की यार्डात जाण्यापूर्वीच्या काळात कार्गोचे अवशेष, उरलेलं इंधन आणि जहाजावरचा कचरा कमीत कमी करायचा. प्रवास आणि चढण्यापुरतं इंधन अधिक थोडी राखीव, तेवढंच ठेवा. स्लज आणि बिल्ज मुंबईत रिसेप्शन फॅसिलिटीला देऊन पावती घ्या. सेटलिंग टँकचा गाळ इथेच काढला तर गॅसकटर यांनी सांगितलेल्या धोक्यातला मोठा वाटा इथेच संपतो. होल्डमधला कोळशाचा चुरा झाडून घ्या, बिल्ज वेलमधलाही.

आणि चढवण्याच्या ट्रिमची गणितं आधी करा. नाळ हलकी, मागे खोल. बॅलास्ट कमी केल्याने स्थिरता कमी होते, तेव्हा स्टॅबिलिटी बुकलेटप्रमाणे ती तपासूनच. भावनगरच्या नांगरवाड्यात कस्टम, मेरिटाइम बोर्ड आणि प्रदूषण मंडळाची माणसं जहाजावर येतात. त्या तपासण्यांसाठी काही दिवस राखून ठेवा, नाहीतर उधाण डोळ्यांदेखत निघून जातं. चढल्यावरही लगेच कटर चालत नाही. निर्घातकीकरणाची तपासणी, गॅस-फ्री, मग कटिंगची परवानगी.

मांडवीकाठ

मधेच घुसतो. गोव्यात खाण बंद पडल्यापासून लोहखनिजाच्या जुन्या बार्ज नदीकाठी गंजत उभ्या आहेत. 500 ग्रॉस टनाखालच्या बार्जना हे सगळं लागू होतं का?

कचराकुंडली

हाँगकाँग करार 500 ग्रॉस टनाखालच्या जहाजांना लागू नाही, आणि आयुष्यभर फक्त देशांतर्गत पाण्यात फिरणाऱ्या जहाजांनाही नाही. घातक कचऱ्याचे 2016 चे नियम मात्र लागू, ते टनेज विचारत नाहीत. बार्जवर यादी छोटी असते: एक्झॉस्टचं लॅगिंग, विंचचे ब्रेक लायनर, बॅटऱ्या, इंजिनतळाचं तेल, शिशाचा प्रायमर. दोन दिवसांत एक जाणकार माणूस पाहून लिहून देईल. किनाऱ्यावरच गॅसकटर लावू नका, रॅम्पवर ओढून पक्क्या फरशीवर काम करा आणि खाली ताडपत्रीऐवजी तेल शोषणारे बूम ठेवा. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आधी. काठावर उभी ठेवणं सगळ्यात महाग पडतं. रिव्हर प्रिन्सेस हे जहाज कांदोळीच्या वाळूत 2000 मध्ये रुतलं आणि निघायला 2012 उजाडलं. तरंगतं जहाज ओढून नेता येतं, रुतलेलं जागेवरच तोडावं लागतं.

सुकाणू

वरिष्ठांना मुंबईतली विक्री थांबवायला पटवलं, आता यार्ड ठरवून मग सुपूर्द करायचं. वेळापत्रक असं धरतोय: ज्येष्ठात नमुने, आषाढात आयएचएम, श्रावणात यार्डचा प्लॅन, गणपती झाल्यावर मुंबईत फायनल सर्व्हे, आणि दिवाळीच्या अमावास्येच्या उधाणाला अलंगला चढवायचं. बरोबर का?

उधाण

क्रम बरोबर, शेवटची तारीख पंधरा दिवस आधी घ्या. कोजागिरीची पौर्णिमा धरा. शरद संपाताजवळची उधाणं तशीही मोठी असतात, जहाज वर जास्त आत जाईल. दिवाळीला चढवलंत तर त्याच आठवड्यात उत्तर प्रदेश, बिहारकडचे कटर दिवाळी आणि छठसाठी गावी गेलेले असतात. मग तुमचं जहाज महिनाभर न तोडता भरतीत डोलत राहील. कोजागिरीला चढवलं तर तपासण्या आणि गॅस-फ्री दिवाळीपर्यंत उरकतात आणि माणसं परत आली की थेट कटिंग.

फायनल सर्व्हे गणपतीनंतर केला तर 3 महिन्यांच्या मुदतीत कोजागिरी आरामात बसते. एखादं उधाण हवामानाने हुकलं तरी पुढचं, म्हणजे दिवाळीचं, हाताशी राहतं. गणपतीआधी सर्व्हे उरकायचा मोह टाळा, तेवढाच काळ मागून कमी होतो.

गॅसकटर

आणि छठहून परतलेल्या पहिल्या दिवशी कोणालाही टँकमध्ये उतरवू नका. महिनाभर बंद राहिलेल्या जागा, दिवाळीआधीची सगळी प्रमाणपत्रं त्या दिवशी जुनी. मीटर नव्याने फिरवायचा, पंखे आधीपासून चालू ठेवायचे.

सुकाणू

नोंद केली. प्लॅनमध्ये ‘सुट्टीनंतर पुनर्तपासणी’ असा वेगळा मुद्दा घालायला यार्डला आजच लिहितो.